चौदा संकष्ट्या आणि नऊ मासे

कुडाळकडच्या एका कोई (शोभेचे रंगीत जपानी कार्प मासे) विकणाऱ्याचा हा रिव्ह्यू चौदा महिने उशिरा लिहितेय, आणि मुद्दाम. मासे आणले त्याच संध्याकाळी लिहायला बसले असते तर पाचातले दोन तारे दिले असते आणि वर चार शब्द सुनावले असते. आज चार देते. पाचवा का राखून ठेवलाय ते पुढं येईलच.

चार इंचाचा कोई विकत घेणं म्हणजे फेब्रुवारीत कैरी बघून मे महिन्यातल्या आंब्याची बोली लावणं. पावसच्या अलीकडं आमची हापूसची बाग आहे. लग्न होऊन आले तेव्हापासून, तेहेतीस वर्षं, आंबा निवडायचं काम माझ्याकडं. चार डझनी, पाच डझनी, सहा डझनी, डागी, कॅनिंगचा, असे ढीग माझ्या हाताखालून जातात. देठाजवळ खळगा पडला आणि खांदे वर आले की फळ तयार, हे मला डोळे मिटून बोटांनी सांगता येतं. पण साका? वरून देखणं, आतून पांढरं भेंडासारखं. तो कापेपर्यंत कुणाला कळत नाही. माशातही साका असतो, एवढं या चौदा महिन्यांत शिकले.

मासे हा माझा नाद नव्हे, मुलाचा. २०२० साली लॉकडाऊनमध्ये तो पुण्याहून घरी येऊन बसला. खळ्याच्या कडेला आमची चिऱ्याची जुनी टाकी आहे, बारा फूट बाय आठ, पाणी चार फुटाला थोडं कमी, म्हणजे साडेदहा हजार लिटरच्या आसपास. कधीकाळी बागेला शिंपायला बांधलेली. त्यात त्यानं मासे सोडायचं ठरवलं. दोन निळे पिंप आणून फिल्टर केला. आत भरायला बाजारातला महाग स्पंज नको म्हणून बंदरावरून टाकून दिलेली जाळी आणली, धुऊन, गुंडाळून पिंपात ठासली. ती जाळी आजही उत्तम काम करतात. माशांच्या घाणीतून होणारा अमोनिया खाणारे जिवाणू त्या धाग्यांवर वस्ती करतात, म्हणून ती कधी नळाच्या पाण्यानं धुवायची नाहीत, टाकीच्याच पाण्यात हलवून काढायची. नळाच्या पाण्यातलं क्लोरीन जिवाणूंना मारतं.

त्या वेळचे सहा मासे एका मोठ्या शहरातल्या दुकानातले. नाव सांगत नाही. "जपानचा माल" म्हणून घेतले. काचेच्या टाकीत, वर गुलाबी-निळा दिवा, लाल रंग असा की कुंकवाची डबी सांडल्यासारखा. घरी उन्हात आणल्यावर चार महिन्यांत त्या लालाचा शेंदूर झाला आणि वर्षाच्या आत भोपळा. मग मे २०२१ चं तौक्ते वादळ आलं. चार दिवस वीज नव्हती, हवेचा पंप बंद. उरलेले चार त्यात गेले. मुलगा पुण्याला परतला, फिल्टर आणि जाळी माझ्या गळ्यात. दोन वर्षं टाकीत नुसते बेडूक होते.

आता मुद्द्याच्या दुकानाकडं. दुकान म्हणजे बोर्ड, शटर, काचा असं काही नाही. कुडाळच्या अलीकडं हायवे सोडून आत, काजूच्या बागेत, घरामागं चौदा चिऱ्याच्या टाक्या, वर हिरवी जाळी, आणि खालच्या अंगाला एक मातीचं तळं. गृहस्थ साठीचे आहेत. मुंबईत गोदीत नोकरी करून परत आलेले. "नाव टाकू नका, गर्दी झाली की मासे बुजतात," असं त्यांनीच सांगितलंय, म्हणून नाव नाही. तिकडच्या लोकांना एवढ्यावरून कळेलच. माझं माहेर त्याच बाजूचं, त्यामुळं बोली कळते आणि घासाघीसही करता येते. (घासाघीस चालली नाही.)

गेले तो नोव्हेंबर २०२३ चा शेवटचा आठवडा. मी नेहमीप्रमाणं टाकीच्या कडेला उकिडवी बसून बाजूनं मासे न्याहाळायला लागले. ते म्हणाले, "वयनी, ह्या माशाक वरसून बघूचा असता. कुशीसून बघतत ती बाजारची गिऱ्हाइका." मग एक रुंद निळं टब आणलं, त्यात अर्धं पाणी, आणि जाळ्यानं मासा पाण्यातल्या पाण्यातच ढकलत टबात घेतला. जाळ्यात उचलून नाही. जाळ्यात तडफडला की खवले निघतात, आणि निघालेल्या खवल्याच्या जागी रंग पुन्हा तसाच येईल याचा भरवसा नसतो. निळ्या तळावर मासा वरून दिसला तेव्हा पहिल्यांदा कळलं की हे प्राणी कशासाठी घडवलेत. पाठ म्हणजेच चित्र. काचेच्या टाकीत आपण त्याची फक्त फ्रेम बघत होतो.

तिथं मी अडीच तास होते. गाडीवाला दोनदा हॉर्न वाजवून गेला.

त्या अडीच तासांत जपानी शब्द कानावर पडले ते असे. लाल भागाला 'हि', काळ्याला 'सुमी', पांढऱ्याला 'शिरोजी'. शिरोजी ऐकून मला आधी कुणा गाववाल्याचं नाव वाटलं. पहिल्या वर्षातलं पिल्लू 'तोसाई', दुसऱ्यातलं 'निसाई'. लाल ठिपका मागच्या बाजूला जिथं संपतो ती कड 'किवा', ती सुरीनं कापल्यासारखी हवी. पुढच्या बाजूला मात्र लाल खवल्यावर पांढरा खवला चढलेला असतो, त्यामुळं तिथं गुलाबी, धुरकट पट्टा दिसतो. त्याला 'साशी'. कातडी जाड होत गेली की साशी झाकली जाते आणि पुढची कडही स्वच्छ होते. आणि 'तातेगोई' म्हणजे आज दिसतो त्यापेक्षा उद्या चांगला होईल असा मासा. सगळा धंदा या एका शब्दावर उभा आहे. दुकानदार तुम्हाला मासा विकत नाही, अंदाज विकतो.

हे सगळं ज्यांनी सुरू केलं ते निइगाताच्या डोंगरातले, यामाकोशी भागातले भातशेतकरी. खायला म्हणून पाळलेल्या काळपट कार्प माशांत अधूनमधून रंगीत निघायचे, ते त्यांनी जपले, जुळवले, पिढ्यान्‌पिढ्या. १९१४ च्या तोक्योच्या प्रदर्शनात ते मांडले तेव्हा बाहेरच्या जगाला कळलं. तिथल्या डोंगरउतारावरच्या पायऱ्या-पायऱ्यांच्या खाचरांचे फोटो दुकानदारांनी मला फोनवर दाखवले. बर्फ वगळला तर आमच्या संगमेश्वरकडचीच खाचरं. मादी एका वेळी लाखांनी अंडी घालते. त्यातली पिल्लं उन्हाळ्यात तीन-चार वेळा निवडतात आणि शंभरातली मोजकीच ठेवतात. शोवा नावाच्या जातीची पिल्लं तर अंड्यातून बाहेर आल्यावर आठवडाभराच्या आतच निवडायला लागतात, काळी ठेवायची आणि फिकी बाजूला. मिशीएवढाही नसलेला जीव, आणि त्याच्या काळेपणावरून त्याचं नशीब.

आमचे कुडाळकर काही अंडी घालून घेत नाहीत. ते चेन्नईकडून दोन इंची पिल्लांचा लॉट आणतात, तीन आठवडे वेगळ्या टाकीत ठेवून रोगराई बघतात, मग मातीच्या तळ्यात वाढवून निवडतात. उरलासुरला माल किनाऱ्यावरच्या रिसॉर्टवाल्यांना साठ रुपये नगानं. "नदीत सोडत नाही ना?" मी विचारलं. नाही म्हणाले. कार्प एकदा पाटात सुटला की तळ ढवळून गावच्या माशांचं वाटोळं करतो. एक आणखी गोष्ट मला आवडली: मी घरून नेलेलं जाळं त्यांनी टाकीला लावू दिलं नाही. माझ्या टाकीतला रोग त्यांना नको. अपमान वाटला, पण बरोबर होतं. ज्या दुकानात कुणीही येऊन टाकीत हात बुडवतो तिथून घेऊ नका.

तेव्हाचा भाव असा: साधे साडेतीनशेला एक, निवडीचे दीड हजार. मी सहा साधे माझ्या डोळ्यांनी निवडले आणि दोन निवडीचे त्यांच्या. एकूण पाच हजार शंभर. नववा फुकट. आणि भांडण तिथंच झालं, कारण दीड हजारांचे जे दोन त्यांनी काढले ते टबातले सगळ्यात कुरूप.

माझ्या निवडीचा पहिला होता एक कोहाकू, म्हणजे पांढऱ्यावर लाल. पाठीवर तीन ठिपके, अंतरं मोजून ठेवल्यासारखी, लाल गडद, कडा कापल्यासारख्या. मी त्याचं नाव कुंकू ठेवलं. ते बघून म्हणाले, "ह्यो आताच पिकलो हा. पुढे काय करतलो?" आणि त्याच्या शेजारचा त्यांचा दीड हजारवाला: लाल नव्हेच, नारिंगी. ठिपके एवढे मोठे की पांढरं शोधावं लागे. पुढच्या कडा तर धुरकट, पाऊस पडलेल्या काचेसारख्या. मी म्हटलं, हा डागी माल तुम्ही पहिल्या नंबरच्या पेटीत घालताय. ते हसले. "तुमका व्हयो तर घेवा, माका काय."

घेतला. नाव ठेवलं पायरी, कारण पायरी आंब्याच्या खांद्यालाही तशीच लाली असते.

आता चौदा महिन्यांचा हिशेब. मी दर संकष्टीला फोटो काढते. उपासाच्या दिवशी स्वयंपाकाचा व्याप कमी, आणि तिथी आपोआप महिन्याला येते. खाणं टाकलं की सगळे वर येतात तेव्हा वरून फोटो, आणि दर तिसऱ्या संकष्टीला एकेकाला निळ्या टबात घेऊन, शेजारी फुटपट्टी ठेवून. टबही तोच, वेळही तीच, सकाळची साडेआठ. उजेड बदलला की लाल बदलतो, मग तुम्ही रंगाची नाही, उन्हाची नोंद ठेवता. हे फोटो नसते तर मी शपथेवर सांगितलं असतं की कुंकू पहिल्यापासून फिका होता. रोज बघणाऱ्याला बदल दिसत नाही. आपली पोरं वाढलेली आपल्याला कुठं दिसतात, पाहुण्यांनाच दिसतात.

कुंकू आज दहा इंच आहे. शरीर वाढलं, ठिपके त्या मानानं ताणले गेले. मधल्या ठिपक्याचे दोन तुकडे झालेत. लाल पातळ झालाय, एकेक खवला वेगळा दिसतो, जुन्या सुती साडीतून उजेड यावा तसा. नर निघाला. नर लवकर रंग दाखवतात आणि लवकर आटोपतात, मादी सावकाश घेते, असं ते म्हणाले होते. हाच तो साका. चार इंचाला इतकं नेटकं चित्र असेल तर बारा इंचाला पांढरं फार उरतं, हे गणित मला आधी सुचायला हवं होतं. पोरांचे कपडे घेताना आपण दोन बोटं मोठेच घेतो की.

पायरी साडेतेरा इंच. नारिंगी हळूहळू खाली मुरत गेला. आठव्या संकष्टीच्या फोटोत तो मातीच्या कौलासारखा दिसतो, आताच्यात पिकल्या करवंदाच्या आधीच्या लालीसारखा. पण रंगापेक्षा जाडी बघा असं ते सांगत होते ते आता कळतं. ठिपक्याच्या मधोमध आणि कडेला सारखाच दाट, कुठंही खवला उठून दिसत नाही. मोठा वाटणारा ठिपका अंगाबरोबर बेतात बसला. पुढच्या कडेचा धुरकटपणा मानेजवळ अजून थोडा आहे, बाकी झाकला गेला. नारिंगीकडून आलेला लाल टिकतो आणि पोरवयातच जांभळट-गडद असलेला बहुधा तुटतो, हा त्यांचा ठोकताळा. दोन माशांवरून मी त्यावर शिक्का मारणार नाही, पण माझ्या टाकीत तरी ते जिंकले.

दुसरा दीड हजारवाला शिरो उत्सुरी, काळा-पांढरा. आणला तेव्हा काळा नव्हताच, कातडीखाली राखाडी-निळसर डाग, धुतलेल्या फडक्यावर शाईचे वळ राहावेत तसे. नाव काजळी. पहिल्या जानेवारीत पहाटे पाणी तेवीस अंशांवर आलं आणि पंधरा दिवसांत डोक्यावरचा एक वळ असा वर आला की मी आमच्या ह्यांना हाक मारून दाखवला. एप्रिलमध्ये पाणी तीसच्या वर गेलं तसा तोच काळा पुन्हा मागं सरला. ऑक्टोबरनंतर परत आला, या वेळी जास्त खोल. काळ्या रंगाचं हे असं आहे, थंडीत येतो, उन्हाळ्यात लपतो. त्यामुळं मे महिन्यात दुकानात जाऊन काळे मासे निवडू नका. तेव्हा चांगलाही वाईट दिसतो. आणि दुकानदारानं मेमध्येच "बघा, काय काळा आहे" म्हणून दाखवला, तर तो मासा थंडीत किती काळा असेल याचा विचार करा.

सांके मात्र दुखरी जागा आहे. लाल, पांढरा, त्यावर काळे चार शिंतोडे. मी निवडलेला, पण त्यांनीही "बरो आसा" म्हटलेलं. ऑगस्टच्या संकष्टीला बघते तर एकही काळा ठिपका नाही. नुसता कोहाकू होऊन बसलेला. फोन केला, जरा आवाज चढवूनच. "खंय गेलो नाय, आत बसलो आसा," असं उत्तर. सांकेचा लहानपणचा काळा जातो आणि पुढं परत येतो हे खरं आहे, मी नंतर बऱ्याच ठिकाणी वाचलं. पण हे त्यांनी विकताना सांगायला हवं होतं. घाबरून फोन केल्यावर सांगितलेलं ज्ञान मला सबब वाटतं. गिऱ्हाइकाला आधी सांगितलं की तेच ज्ञान भरवसा होतं.

ओगोन, पिवळा एकरंगी, नाव हळद. आणला तसाच आहे, फक्त मोठा. एकरंगी माशाला काही सिद्ध करायचं नसतं. पहिल्यांदा घेणाऱ्यांनी एखादा घ्यावा, जिवाला स्वस्थता असते.

फुकटचा नववा चागोई. जपानीत 'चा' म्हणजे चहाच, आणि तो खरोखर दूध कमी पडलेल्या चहाच्या रंगाचा. मी नको म्हणत होते. "र्‍हवांदे, बाकीच्यांका शिकवतलो," म्हणून त्यांनी पिशवीत टाकलाच. आज सोळा इंच, टाकीतला सगळ्यात मोठा. पहिल्या आठवड्यात हातातून खायला लागला आणि त्याला बघून बाकीचे महिन्याभरात. आमच्याकडं येणारी नातवंडं पायरीकडं ढुंकून बघत नाहीत, त्यांना चागोईच पाहिजे. दीड हजारांचं चित्र एकीकडं आणि फुकटचा स्वभाव एकीकडं.

दोन गेले, आणि तो दोष पूर्णपणे आमचा. जानेवारीत मोहोराला तुडतुड्यासाठी फवारणी होती. फवारणीच्या दिवशी टाकीवर ताडपत्री घाला, असं कुडाळकरांनी पिशव्या बांधतानाच बजावलं होतं. बाग कुठली विचारून, आपणहून. ताडपत्री घातलीही. पण काम संपल्यावर गड्यानं पंपाचं नोझल खळ्यावर धुतलं आणि ते पाणी उतारानं टाकीच्या फुटक्या कडेतून आत झिरपलं. डेल्टामेथ्रीनसारखी औषधं माणसाला एकवेळ चालतील, माशाला थेंबही चालत नाही. दोन छोटे आसागी, निळसर जाळीदार पाठीचे, संध्याकाळपर्यंत गेले. बाकीचे अर्धं पाणी बदलून वाचले. बागायतदारांनी हा परिच्छेद दोनदा वाचा. टाकीची कड जमिनीपेक्षा फूटभर वर घ्या. आमची आता आहे.

पाण्याबद्दल थोडं, कारण त्यांचा सगळ्यात मोलाचा सल्ला तोच ठरला. आपल्या जांभ्यातलं विहिरीचं पाणी मऊ, त्यात क्षार नाहीतच म्हणा. लाल रंगाला मऊ पाणी मानवतं असं कोईवाले मानतात, पण अशा पाण्याला आधार नसतो. जूनमध्ये चार दिवस कोसळला की पीएच धपकन उतरतो. त्यांनी जाताना सांगितलं, कालवांचे शिंपले धुऊन, वाळवून, जाळीच्या पिशवीत भरून फिल्टरमध्ये ठेवा. पाणी आम्लाकडं झुकलं की शिंपल्यातला चुना आपणहून विरघळतो आणि तोल धरतो. बाजारात याच कामासाठी डबे मिळतात आठशे रुपयांना. शिंपले आम्ही इतकी वर्षं माडाच्या मुळाशी टाकत होतो. तरीही गेल्या जूनमध्ये पीएच सव्वासातवरून सहाला आला, कारण पडवीच्या पागोळ्या थेट टाकीत पडत होत्या. पन्हळ लावून पाणी दुसरीकडं वळवलं, शिंपले दुप्पट केले, चार दिवसांत साडेसहाच्या वर. मे महिन्यात दुपारी एकतीस अंश, तेव्हा खाणं निम्मं आणि हवेचा पंप इन्व्हर्टरवर. गरम पाण्यात प्राणवायू कमी विरघळतो, पहाटे तर अगदीच कमी. म्हणून वीज गेली की मी पंखा नाही, आधी पंप बघते.

आता तक्रारी, म्हणजे पाचवा तारा.

एक, खाणं. ते रंगाचं खाणं बिननावाच्या प्लास्टिकच्या पिशवीत किलोवर विकतात. त्यात स्पिरुलिना शेवाळ आहे, झिंग्याची पूड आहे असं तोंडी सांगतात, किती ते कुठं लिहिलेलं नाही. मासा लाल रंग स्वतः बनवू शकत नाही, तो खाण्यातूनच येतो, हे खरं. पण मी उत्साहानं एप्रिल-मे रोज तेच घातलं आणि पायरीचा पांढरा जुन्या लग्नपत्रिकेसारखा पिवळट झाला. फोन केल्यावर कळलं की आठवड्यातून तीन दिवसच घालायचं असतं. बंद केल्यावर पांढरा परत यायला गणपती उजाडले. एक चिठ्ठी पिशवीत टाकली असती तर हे टळलं असतं.

दोन, आठव्या माशाचं. साडेतीनशेवाला कोहाकू, त्याच्या डाव्या कल्ल्याचं झाकण आतून मुडपलेलं आहे, कल्ला उघडा दिसतो. हे रंगासारखं पुढं ठरणारं नाही, चार इंचालाही दिसतं. मी नवखी होते, माझं लक्ष रंगावर. त्यांचं जायला हवं होतं. फोटो पाठवल्यावर त्यांनी वाद न घालता बदलून देतो म्हटलं, पण मासा घेऊन कुडाळला या. येऊनजाऊन तीनशे किलोमीटर, साडेतीनशेच्या माशासाठी. पोचवायची सोय नाही, बिल नाही, फोन संध्याकाळी पाचनंतरच. तो मासा अजून माझ्याकडंच आहे. खातो, पोहतो, त्याला स्वतःला काही तक्रार नाही.

जाणार असाल तर नोव्हेंबर ते जानेवारीत, सकाळी, आणि आधी फोन करून. थर्माकोलची पेटी आपली न्या. ते पिशवीत प्राणवायू भरून देतात, पाच तास आरामात जातात. घरी पिशवी वीस मिनिटं टाकीत तरंगत ठेवा, मग मासा तेवढा सोडा, पिशवीतलं पाणी टाकीत ओतू नका. आधी वेगळ्या पिंपात तीन आठवडे ठेवता आलं तर सोन्याहून पिवळं. आणि वर जाळी हवीच. आमच्याकडं खंड्या रोज सकाळी विजेच्या तारेवर येऊन बसतो, जाळीकडं बघतो आणि जातो.

मार्चमध्ये माहेरी जायचंय, तेव्हा कल्लेवाल्याला घेऊन जाईन म्हणते. त्यांच्यासाठी पहिल्या तोडीची एक पेटीही न्यायची आहे, आणि आंबा बाजूनं बघायचा असतो हे सांगायचं आहे.

परवाच्या संकष्टीला सांकेच्या पाठीवर, डाव्या अंगाला, कातडीखाली एक निळसर सावली दिसली. आधीच्या तीन फोटोंत ती नाही. मोठा करून पाठवला. पाच वाजून दोन मिनिटांनी उत्तर आलं, "बघूया."